आत किती गेलं, हे बाहेरून मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: भौतिकशास्त्र असो, वैद्यक, भूगर्भशास्त्र की जनुकशास्त्र, शोधनिबंधात ‘इन्सर्शन डेप्थ’ किंवा ‘इन्सर्शन लेंग्थ’ (काहीतरी किती आत शिरलं, त्याची खोली किंवा लांबी) असा आकडा हमखास भेटतो. त्याला एवढं महत्त्व कशासाठी? सगळीकडे त्याचा अर्थ एकच असतो का? आणि स्वतः मोजायची वेळ आली तर कुठे चुकतं?

मी तापमान आणि लांबीच्या कॅलिब्रेशनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तराची सुरुवात माझ्या टेबलावरूनच करतो. बाकीची क्षेत्रं माझी नाहीत, पण त्यातल्या लोकांशी काम पडतं आणि दुखणं सगळ्यांचं सारखंच निघतं. ते असं: आत गेलेलं टोक आपल्याला दिसत नाही. आपण मोजतो ते बाहेर उरलेलं. मग एकूण लांबीतून ते वजा करतो आणि उत्तराला ‘आतली लांबी’ म्हणतो. या वजाबाकीत गृहीतकं किती दडली आहेत, ते चूक झाल्यावरच कळतं.

माझी पहिली चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तेलाच्या बाथमध्ये (ठरावीक तापमानाला ठेवलेल्या तेलाच्या टाकीत) प्रोब, म्हणजे नळीत बसवलेला तापमानाचा सेन्सर, कॅलिब्रेट करून मी दाखल्यावर ‘बुडीत लांबी 150 मिमी’ असं लिहिलं. मोजलं होतं प्रोबच्या टोकापासून बाथच्या झाकणापर्यंत. तेलाची पातळी झाकणाच्या 40 मिमी खाली होती. म्हणजे प्रोब तेलात होता 110 मिमी आणि दाखला म्हणत होता 150. पट्टी बरोबर होती, वाचन बरोबर होतं, शून्य तेवढं चुकीच्या जागी ठेवलं होतं. वरिष्ठांनी दाखला परत दिला तो एकच शब्द लिहून: ‘कुठून?’

आता 40 मिमीने एवढं काय बिघडतं? धातूच्या नळीतला प्रोब गरम बाथमध्ये असतो, त्याचं दुसरं टोक खोलीच्या हवेत. नळीच्या अंगाने उष्णता सतत बाहेर वाहत असते, त्यामुळे आतला सेन्सर बाथच्या तापमानापेक्षा थोडा थंड राहतो. प्रोब जितका खोल, तितका हा फरक कमी. तोही सरळ रेषेत कमी होत नाही, दर टप्प्याला ठरावीक पटीने घटतो. 6 मिमी जाडीच्या स्टीलच्या प्रोबचं, बाथ 100 अंशांवर असतानाचं नमुन्यादाखल चित्र बघा. 40 मिमी खोलीवर 98.50, 60 वर 99.72, 80 वर 99.95, 100 वर 99.99, 120 वर 100.00, 140 वरही 100.00. दर 20 मिमीला चूक साधारण पाचव्या हिश्शावर येते. 40 आणि 60 मधला फरक सव्वा अंशाचा, 120 आणि 140 मधला दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे जाडीच्या 15 पट अधिक सेन्सरची लांबी असा ठोकताळा वापरतात. 6 मिमीला 90, वर सेन्सरचे 30, झाले 120. पण ठोकताळ्यावर विसंबू नका. आकडा स्थिर झाला की प्रोब 20 मिमी वर ओढा, पुन्हा स्थिर होऊ द्या आणि बघा. आकडा हलला तर खोली पुरेशी नव्हती. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक टाळतात.

पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये हीच गोष्ट उघड्यावर दिसते. काही थर्मामीटर पाऱ्याच्या पातळीपर्यंत पूर्ण बुडवून वाचायचे असतात, काहींवर एक रेघ कोरलेली असते (76 मिमीची रेघ पुष्कळांनी पाहिली असेल) आणि तिथपर्यंतच बुडवायचे असतात. पूर्ण बुडवायचा थर्मामीटर अर्धवट बुडवून वाचला, तर बाहेरचा पारा थंड राहतो, कमी प्रसरण पावतो आणि आकडा कमी दाखवतो. दुरुस्ती साधी आहे: 0.00016 गुणिले बाहेर राहिलेल्या पाऱ्याची अंशांतली लांबी, गुणिले दोन तापमानांतला फरक. बाथ 150 अंशांवर, 80 अंशांचा पारा बाहेर आणि त्याचं सरासरी तापमान 40 असेल, तर उत्तर येतं 1.4 अंश. दशांशापर्यंत वाचता येणाऱ्या उपकरणात जवळजवळ दीड अंशाची चूक, आणि उपकरणाचा त्यात काडीचाही दोष नाही.

अगदी वरच्या दर्जाच्या कामात तर खोली थेट तापमानाच्या मूल्यातच शिरते. पाण्याचा त्रिबिंदू (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान) 273.16 केल्विन, पण तो पेशीतल्या, म्हणजे काचेच्या बंद कुपीतल्या, पाण्याच्या पृष्ठभागावर. खाली दाब वाढतो आणि बर्फ-पाण्याचा समतोल दर मीटरला सुमारे 0.73 मिलिकेल्विनने उतरतो. प्रोबचा सेन्सर पृष्ठभागाखाली 25 सेंटिमीटर असेल तर सुमारे 0.18 मिलिकेल्विनची दुरुस्ती करावी लागते. मजा अशी की याच घसरणीचा उपयोग प्रोबची परीक्षा घ्यायलाही होतो. प्रोब सेंटिमीटर सेंटिमीटरने वर घेत वाचनं घ्यायची. ती या उतारावर बसली, तर सेन्सरला खरंच पाण्याचं तापमान कळतंय. उतार सुटला, तर उष्णता नळीतून पळते आहे.

हे झालं माझं घर. आता शेजार.

भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतात, तेव्हा ती किती आत आहे हे समोरच्या दातांपाशी नळीवर छापलेल्या सेंटिमीटरच्या आकड्यावरून वाचतात. प्रौढ पुरुषात साधारण 23, स्त्रीमध्ये 21. नळी जास्त आत गेली तर बहुतेक वेळा उजव्या श्वासवाहिनीत शिरते आणि एकाच फुप्फुसाला हवा मिळते. इथे शून्य म्हणजे दात. पण दात आणि श्वासनलिका यांच्यामधली वाट ताठ नसते. रुग्णाची मान पुढे वाकवली की नळीचं टोक खाली सरकतं, मागे टाकली की वर येतं. सरकणं दोनेक सेंटिमीटरचं असू शकतं, आणि दातांपाशी आकडा तोच राहतो! म्हणून त्या आकड्याबरोबर मान कशी होती हेही महत्त्वाचं ठरतं, आणि आकड्यावर न थांबता दोन्ही बाजूंना हवा जाते का ते ऐकतात, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड बघतात.

नाकातून जठरात घालायच्या नळीचं माप आणखी बोलकं आहे. नळीचं टोक नाकावर, तिथून कानाची पाळी, तिथून छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. एवढी लांबी धरून खूण करतात. म्हणजे आतली वाट शरीराच्या बाहेरच्या खुणांवरून अंदाजायची. उपाय हुशारीचा आहे, पण शेवटी तो अंदाजच. म्हणून नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच 5.5 किंवा त्याहून कमी आहे का ते बघतात, नाहीतर एक्स-रे काढतात. आमच्या क्षेत्रात ‘प्रोब ओढून बघा’ म्हणतात, त्याचाच हा अवतार.

कोलोनोस्कोपीत तर वजाबाकी उघडच फसते. दुर्बीण गुदद्वारातून आत जाते. ती सरळ असेल तर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तिथून सगळ्यात दूरच्या टोकापर्यंत, 70-80 सेंटिमीटरमध्ये पोचता येतं. आतड्यात तिचा वेढा पडला तर 100 सेंटिमीटरहून जास्त आत जाऊनही टोक मध्येच कुठेतरी असू शकतं. अनुभवी डॉक्टर वेढा सोडवण्यासाठी दुर्बीण मागे ओढतात आणि टोक उलट पुढे सरकतं. आत गेलेली लांबी आणि गाठलेली जागा या दोन वेगळ्या राशी आहेत, हे याहून चांगल्या रीतीने मला कुणी दाखवलेलं नाही. म्हणूनच गाठीची जागा अहवालात लिहिताना नुसत्या सेंटिमीटरवर विसंबत नाहीत, आतड्याचा भाग कुठला तेही लिहितात.

कानातल्या कॉक्लियर इम्प्लांटवाल्यांनी यावर वेगळाच तोडगा काढला. कॉक्लिया हा आतल्या कानातला ऐकण्याचा अवयव, शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची, तिची लांबी माणसागणिक बदलते, आणि कुठल्या जागी कुठला स्वर ऐकू येतो ते त्या वेढ्यावरल्या स्थानावर ठरतं. मग ऐकू येण्यासाठी तिच्यात सरकवलेला इलेक्ट्रोड ‘24 मिमी आत’ म्हटल्याने दोन माणसांची तुलना होत नाही. म्हणून ते खोली कोनातही सांगतात: कॉक्लियाच्या तोंडाशी असलेल्या ‘गोल खिडकी’पाशी शून्य अंश धरून किती अंश वळसा झाला. एकक बदलून प्रश्न सोपा केल्याचं हे सुंदर उदाहरण आहे. संशोधन करणाऱ्यांनी यावर जरा थांबावं. आपण मिलिमीटर लिहितो ते सवयीने, की आपल्या प्रश्नाला मिलिमीटरच लागतात म्हणून?

जमिनीत शिरलं की लांब दोरीची आणि पाइपांची गंमत सुरू होते. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर खोदलेलं विवर 1989 मध्ये 12,262 मीटरपर्यंत गेलं. विवराची लांबी धरतात ती आत सोडलेल्या पाइपांच्या बेरजेवरून. प्रत्येक पाइप आत जाण्याआधी मोजलेला असतो, तो आडवा ठेवून. उभा लोंबकळला की तो स्वतःच्या वजनाने ताणतो. पोलादाचा 3000 मीटरचा पाइप हवेत लोंबकळत ठेवला, तर ताण सुमारे 1.7 मीटर. लांबी दुप्पट केली तर ताण चौपट. त्यात खालची उष्णता पाइपाला आणखी लांबवते. शिवाय विवर वाकडं गेलेलं असेल, तर विवराच्या अंगाने मोजलेली लांबी आणि पृष्ठभागापासूनची उभी खोली यांत फरक पडतो. म्हणून या धंद्यात दोन्ही आकडे वेगळ्या नावाने ठेवतात. ती शिस्त मला फार आवडते.

समुद्रतळाच्या गाळाचे नमुने घेणारे लोक वजनदार पोकळ नळी गाळात सोडतात. नळी समजा 3 मीटर शिरली, पण बाहेर काढल्यावर आत गाळाचा दंड (नळीच्या आकाराचा उभा नमुना) 2.4 मीटरचाच मिळतो. उरलेला गेला कुठे? नळीच्या आतल्या भिंतीला गाळ घासतो, हळूहळू बूच बसल्यासारखं होतं आणि पुढचा गाळ आत येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. कुठल्या थराचा किती भाग असा हुकला, हे दंडाकडे बघून कळत नाही. नळी खरंच किती शिरली ते कसं ओळखतात? नळीच्या बाहेरच्या अंगावर चिखल कुठपर्यंत माखलाय, ते बघून. लाखमोलाच्या मोहिमेत निर्णायक पुरावा म्हणजे चिखलाचा डाग! तो कुणी धुऊन टाकण्याआधी मोजला नाही, तर हाती आलेल्या दंडाच्या लांबीवरून गाळ साचण्याचा वेग काढला जातो, आणि वरच्या उदाहरणात तो पाचव्या हिश्शाने कमी निघतो.

पाइपातल्या प्रवाहात घालायच्या मापकाबद्दल एकच वाक्य: खळबळत्या, पण वेगाची मांडणी स्थिरावलेल्या प्रवाहात सरासरी वेग मिळतो तो भिंतीपासून व्यासाच्या साधारण आठव्या हिश्शावर, मध्यावर नव्हे. तिथे खोली चुकली म्हणजे थेट वेगच चुकला.

आता जनुकशास्त्र. इथे ‘इन्सर्शन’ म्हणजे डीएनएच्या अक्षरमालेत नवी अक्षरं घुसणं. लांबी बेसमध्ये, म्हणजे अक्षरांत, मोजतात, हवं तर एका बेसजोडीला 0.34 नॅनोमीटर धरा. पट्टी नाही, प्रोब नाही, पण लांबीचं महत्त्व इथे जेवढं आहे तेवढं कुठे नसेल. 1961 मध्ये फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी4 या जिवाणूभक्षी विषाणूवर प्रयोग केले. ॲक्रिडीन रंगाने अक्षरमालेत एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं. एका जातीचा एक बदल केला, जनुक बंद. दोन केले, तरी बंद. त्याच जातीचे तीन एकत्र आणले, तर काम बऱ्यापैकी परत सुरू! त्यावरून निघालं की ही लिपी बहुधा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. बदलांच्या दोन जातींपैकी ‘अधिक’ म्हणून नोंदलेली जात खरोखर भर आहे की वजावट, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी हिशोब जुळला, कारण प्रश्न लांबीला तीनने भाग जातो का एवढाच होता. आजही भर 3 बेसांची आहे की 4 ची, यावर बरंच अवलंबून असतं. टे-सॅक्स या आजारामागच्या नेहमी आढळणाऱ्या बदलांपैकी एक म्हणजे हेक्सए जनुकात 4 बेसांची भर. 4 ला 3 ने भाग जात नाही, पुढची सगळी वाचनचौकट (तीन-तीनचे गट पाडण्याची जागा) सरकते.

आणि ‘कुठून?’ हा माझ्या वरिष्ठांचा प्रश्न इथेही हजर आहे. समजा मूळ माला कॅग-कॅग-कॅग (सी, ए, जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा) अशी आहे आणि रुग्णात कॅग चार वेळा येतो. नवा कॅग कुठला? पहिला, शेवटचा, की मधला? निसर्गाकडे उत्तर नाही, कारण चारही सारखेच. मग संकेत ठरवावा लागतो. घोळ असा की संगणकी फाइलींच्या प्रचलित पद्धतीत भर शक्य तितकी डावीकडे दाखवतात, तर वैद्यकीय अहवालांच्या नामकरणात जनुकाच्या वाचनाच्या दिशेने शक्य तितकी शेवटाकडे. एकाच रुग्णातला एकच बदल दोन पत्त्यांवर नोंदला जातो, आणि कुणी नुसते पत्ते जुळवले तर दोन वेगळे बदल वाटतात. माझ्या झाकण-तेल घोटाळ्याचं हे सुधारून काढलेलं रूप.

शिवाय मोजपट्टीच छोटी असण्याची अडचण. पुष्कळ ठिकाणी डीएनए 150 बेसांच्या तुकड्यांत वाचतात. ॲलू नावाचा फिरता (डीएनएत नव्या जागी घुसणारा) तुकडा सुमारे 300 बेसांचा, एल1 नावाचा तसाच दुसरा पूर्ण असेल तर 6000 च्या आसपास. 150 ची पट्टी 6000 च्या भरीच्या दोन्ही कडा एकदम बघूच शकत नाही, फक्त ‘इथे काहीतरी घुसलंय’ एवढं खुणावते. लांब वाचनाच्या पद्धती आल्यावर अशा भरी बऱ्याच सापडू लागल्या. (आणि या मंडळींच्या तोंडी येणारा ‘इन्सर्ट साइझ’ हा वेगळाच आकडा: वाचनासाठी तयार केलेल्या तुकड्याची लांबी. गल्लत करू नका.)

बॅटरीवाल्यांकडे गाडी उलटी चालते. लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरतं, ते किती शिरलं हे थरांमधलं अंतर मोजूनही कळतं. रिकाम्या ग्राफाइटमध्ये ते 0.335 नॅनोमीटर, पूर्ण भरल्यावर 0.370. क्ष-किरणांच्या विवर्तनात ही वाढ स्वच्छ दिसते. दहा टक्के फुगणं म्हणजे थोडं नव्हे. दर चार्जिंगला फुगायचं, दर वापरात आक्रसायचं, त्यात इलेक्ट्रोड हळूहळू थकतो. इथे आत घालण्याने जागेची लांबीच बदलते. खरं तर सगळीकडेच थोडीफार बदलते. प्रोब बाथला थंड करतो, प्रवाहातला मापक वाट अडवतो, दुर्बीण आतड्याला ताणते. इथे तो बदलच मोजमाप झाला, एवढाच फरक.

आता स्वतः मोजताना. व्हर्नियरच्या मागून निघणारी खोली मोजायची पट्टी बहुतेकांकडे असते. तिच्या टोकाला एका बाजूने छोटी खाच असते. ती खाच कोपऱ्यातल्या गोलाईला टोक टेकू नये म्हणून आहे, तेव्हा खाचेची बाजू भिंतीकडे हवी. पट्टी तिरकी धरली तर 100 मिमी खोलीवर 5 अंशांच्या कलाने 0.38 मिमी जास्त दिसतं. 2 अंशांना 0.06, म्हणजे हाताला कल कळणारही नाही. व्हर्नियरचा आणखी एक जन्मजात दोष आहे. अर्न्स्ट ॲबे यांनी 1890 मध्ये सांगितलं की मोजायची लांबी आणि मोजपट्टी एका रेषेत असावीत. व्हर्नियरच्या जबड्यांत वस्तू धरली की ती पट्टीच्या बाजूला असते, मायक्रोमीटर स्क्रू-गेजमध्ये रेषेत. म्हणून शतांश मिलिमीटरवर वाद असेल तर व्हर्नियर बाजूला ठेवा. तापमानाची काळजी कधी घ्यायची? लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला सांगायची, हा संकेत 1931 पासून आहे. 100 मिमी पोलाद एका अंशाला सुमारे 1.15 मायक्रोमीटर बदलतं. नळी आतड्यात घालणाऱ्याने याचा विचार करू नये, गेज ब्लॉक (लांबीचं प्रमाण म्हणून वापरायचा अचूक ठोकळा) हातात धरणाऱ्याने हातमोजे घालावेत.

निबंधात लिहिताना मला तुमच्याकडून एवढं हवं: शून्य कुठे धरलं, वाट सरळ होती की वाकडी, आणि आतलं टोक तिथेच आहे हे लांबीशिवाय दुसऱ्या कशाने पडताळलं. ‘प्रोब 100 मिमी आत घातला’ या वाक्याने मला काहीच कळत नाही. ‘तेलाच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंत 100 मिमी, 20 मिमी वर ओढल्यावर वाचनात 0.04 अंशांचा फरक’ असं लिहिलंत, तर मी दुसऱ्या खंडात बसून तुमचा प्रयोग पुन्हा करू शकेन, आणि तो आणखी थोडा खोल करायला हवा होता हेही सांगू शकेन.

प्रोबवर खूण म्हणून इन्सुलेशन टेप गुंडाळणार असाल, तर टेपची वरची कड धरली की खालची, हे वहीत लिहून ठेवा. टेपची रुंदीच साधारण 18 मिमी असते.